भाऊजींचं आरशासारखं अस्तर

भाऊजी अजून धडधाकट आहेत. दोन वेळ व्यवस्थित जेवतात आणि जिन्यावर उभे राहून मला टोमणे मारतात, म्हणून हे आत्ताच सांगून टाकते. उद्या ते गेल्यावर सांगितलं तर लोक म्हणतील, बघा, मेलेल्या माणसाच्या नावाने बोटं मोडतेय. तर मी ती जिवंतपणीच मोडते. त्यांना उत्तर द्यायचं असेल तर खाली यावं, दार उघडंच आहे.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. कारखान्यात त्यांना सगळे ‘आरसा’ म्हणतात आणि त्या नावाने हाक मारली की स्वारीची छाती फुगते. धंद्याने भट्टीचे गवंडी. लोखंडाचे मोठमोठे तुकडे लाल होईपर्यंत तापवायच्या आमच्या भट्ट्या म्हणजे एकेक खोलीच. माणूस वाकून आत शिरतो. त्या भट्टीला आतून चांगलं वीतभर जाडीचं अस्तर लागतं, नाहीतर भट्टीचा पत्राच वितळून खाली येईल. गोणीतला मसाला पाण्यात कालवायचा, भिंतीला ठोकून बसवायचा आणि वरून थापी फिरवायची. थापी फिरवावी तर भाऊजींनीच. त्यांच्या अस्तरावर हात ठेवला तर हात खाली घसरायचा. पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम भट्टीत वाकायला लावायचे आणि म्हणायचे, “बघा, तोंड दिसेल यात!”

सुरुवात त्यांनी घरांच्या भिंतींपासून केली. माझे सासू-सासरे लवकर गेले. भाऊजींनी शाळा सोडून थापी हातात घेतली आणि धाकट्या भावाला वाढवलं. स्वतः फाटक्या कपड्यात राहिले, पण भावाला उपाशी झोपू दिलं नाही. हे खरं आहे. मी नाकारत नाही. पण ते त्यांनी आम्हाला एक दिवस विसरू दिलं नाही, हेही तेवढंच खरं. जेवताना भावाने भाजी उरवली तरी ऐकवायचे, “तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी तुझ्यासाठी…” आणि आमचे हे लगेच मान खाली घालून ती भाजी संपवायचे.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा भाऊजींनी मला स्वयंपाकघरात ओटा करून दिला. स्वतःच्या हाताने, अगदी प्रेमाने म्हणा हवं तर. तो इतका गुळगुळीत की ओलं पातेलं ठेवलं की ते आपलं आपण निघायचं आणि भिंतीला जाऊन टेकायचं. मी घाबरतच म्हटलं, “भाऊजी, भांडी घसरतायत.”

“ओटा नीट आहे,” ते म्हणाले. “तू पातेलं ठेवायला शीक.”

ते आमचं पहिलं बोलणं. त्यानंतर आजतागायत ते माझ्याशी जे काही बोलले ते सगळं याच चालीवर. चूक कायम पातेल्याची. ओट्याची चूक मी तरी कधी ऐकली नाही.

त्यांना एक खोड आहे. दिसेल त्या गोष्टीवरून अंगठा फिरवतात. दाराची चौकट, मी इस्त्री केलेला सदरा, स्वतःच्या मुलाची नुकती दाढी केलेली हनुवटी. अंगठ्याला काही लागलं की कपाळाला आठी. माणसंही अशीच हवीत त्यांना, कुठे खरखर नको. मी पहिल्यापासून खरखरीत, त्यामुळे माझ्याशी त्यांचं जमणं शक्यच नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. भाऊजी मुळातच माझ्या डोक्यात जातात.

आमचे हे त्याच कारखान्यात आगीवर होते. म्हणजे काय, ते सांगते. अस्तर घातलं की ते ओलं असतं. वरून कोरडं दिसलं तरी दाण्यादाण्यांमधल्या बारीक छिद्रांत पाणी बसलेलं असतं. ते घालवायला भट्टीत मंद आग लावायची आणि सावकाश वाढवत न्यायची. हे काम डोळ्यांत तेल घालून करावं लागतं. आगीकडच्या बाजूचं पाणी आधी उकळतं. त्याची थोडी वाफ आगीच्या बाजूने बाहेर पडते आणि थोडी उलटी मागे पळते, गार बाजूला. तिथे गेली की तिचं परत पाणी होतं. म्हणजे पुढचा थर सुकतो आणि मागचा आधीपेक्षा चिंब होऊन बसतो. मग धग हळूहळू त्या चिंब थरापर्यंत पोचते. ते पाणी उकळायला लागलं की वाफेला बाहेर पडायला वाट हवी. वाट मिळाली तर सगळं सुरळीत. नाही मिळाली तर वाफ अस्तर फोडून बाहेर येते. कढईत लाही उडते तशी, पण ही लाही विटेएवढी आणि लालबुंद.

लग्न झाल्यावर आमचे हे मला हौसेने सगळं सांगायचे. भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याला बारीक भोकं ठेवलेली असतात, तिथे हे एक थंड स्टीलची ताटली धरायचे. ताटलीवर धुकं आलं की आत अजून पाणी आहे, आगीला हात लावायचा नाही. ताटली कोरडी राहिली की मगच आगीची चावी किंचित पुढे. घरातलीच ताटली न्यायचे. मी चिडायचे, कारण परत आणायची आठवण राहायची नाही.

आणि असा ताटली धरून बसणारा माणूस घाई करेल?

एकदा भाऊजींच्या अस्तराची भट्टी हे सुकवत होते, ती भरदिवसा फुटली. आग बघायला भट्टीला झरोका असतो, हे त्यातून आत बघत होते. अस्तराचा मोठा पापुद्रा सुटला, त्याचे तुकडे आणि वाफ झरोक्यातून थेट तोंडावर आली. एक डोळा जागीच गेला. दुसऱ्याने आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. खिडकी कुठे आहे ते सांगतात, खिडकीत कोण आहे ते नाही.

दवाखान्यात मी यांच्या उशाशी होते, तेव्हा तिकडे कारखान्यात साहेबांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, असं कसं झालं? आणि भाऊजी पुढे झाले. पाठच्या भावाबद्दल, ज्याला हाताखाली वाढवलं त्याच्याबद्दल, सगळ्यांसमोर म्हणाले, “धाकट्याने आग घाईने वाढवली. मी त्याला शंभरदा सांगितलं होतं.” झालं. आरशाने सांगितलं म्हणजे विषय संपला. फुटकं खापर यांच्या माथ्यावर.

मी यांना विचारलं, “तुम्ही घाई केलीत का हो?”

“मला आठवत नाही,” हे म्हणाले. मग थोड्या वेळाने, “दादा म्हणतो ना? मग केली असणार.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पट्ट्या बांधलेल्या माणसाशी किती भांडणार? आणि हे एकदा धरून बसले ते बसलेच. डोळे गेले याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. स्वतःच्या हाताने घात झाला, हे मात्र त्यांना आतून पोखरत राहिलं. घरी आल्यावर त्यांनी गॅसच्या चावीला हात लावणं बंद केलं. चहा हवा असला तरी मी येईपर्यंत थांबायचे. मी म्हणायचे, अहो, आंधळी माणसं स्वयंपाक करतात, चावीच तर फिरवायची. तर म्हणायचे, “माझा हात खराब आहे. नको.” ज्या हाताने इतक्या भट्ट्या सुकवल्या तो हात मांडीखाली दाबून बसायचे. मला भाऊजींचा राग त्या हातासाठी आहे, डोळ्यांसाठी नंतर.

कारखान्याने यांच्या जागी मला घेतलं, मसाला कालवायला. गोणी फोडायची, पाणी मोजून घालायचं, घट्टसर कालवून भाऊजींपुढे नेऊन ठेवायचं. अस्तर घालून झालं की त्यावर ओली गोणपाटं टाकायची, तेही माझंच काम. वर्षानुवर्षं मी त्यांना कालवून दिलं आणि त्यांनी माझ्याकडे न बघता थापी मारली. घरी मात्र दर रविवारी सकाळी वस्तरा, साबण आणि टॉवेल घेऊन जिना उतरायचे आणि यांची दाढी करून द्यायचे. एक रविवार चुकवला नाही. करून झाली की गालावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, “झाली बघ, लोणी.” गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, नशीबवान आहात, असा दीर शोधून मिळायचा नाही. मी भांडी आपटायचे.

मला शंका आली ती ओट्यावरून. ओट्याचा एक कोपरा एकदा पाटा पडून फुटला. भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की वरच्या गुळगुळीत भागावर पाण्याचा थेंब तसाच बसून राहतो, आणि फुटलेल्या कोपऱ्यावर पडला की गडप. आत नुसती छिद्रंच छिद्रं. थापी फिरवत राहिलं की सिमेंटची बारीक साय वर येते आणि सगळ्या छिद्रांची तोंडं बुजवून टाकते. मग जे पाणी बाहेरून आत जाऊ शकत नाही, ते वाफ होऊन आतून बाहेर तरी कसं जाणार?

मी धावत यांच्याकडे गेले. हे शांतपणे म्हणाले, “दादाला काम शिकवतेस? तो हे काम करतो तेव्हा तू परकर नेसत होतीस.” पुढे काय बोलणार! कारखान्यात बोलले असते तर लोक म्हणाले असते, नवऱ्याचं पाप धुवायला निघालीय. आणि भाऊजींची अस्तरं काही रोज फुटत नव्हती. अधूनमधून एखादी पपडी उडायची. पण मी एक पाहिलं, आगीवर जो कोण असेल त्याला ते हल्ली सांगायचे, “झरोक्यासमोर उभा राहू नकोस, बाजूला राहा.” यांच्या अपघाताआधी ते असं कधी सांगत नव्हते. मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मग यंदा आगीवरचा माणूस काम सोडून गेला आणि साहेबांनी ती जागा भाऊजींच्या मुलाला दिली. माझा पुतण्या. गुणी आहे, कामाला वाघ, माझा त्याच्यावर काडीचा राग नाही. लहानपणी यांच्या मांडीवर बसूनच तो भट्टीच्या गोष्टी ऐकायचा. जागा मिळाल्यावर पेढे वाटावेत तसा सगळ्यांना सांगत सुटला. आणि भाऊजी? “दुसरं काम बघ” म्हणून त्याच्या मागे लागले. पोरगा म्हणाला, “बाबा, अस्तर तुमचं असताना मला कसली भीती?” भाऊजींनी ताट तसंच ठेवलं आणि उठून गेले. हे मी जिन्यातून ऐकलं. हो, ऐकत होते मुद्दाम.

नवी भट्टी तयार झाली. मी कालवून दिलं, भाऊजींनी घातलं, थापी फिरवली. नेहमीसारखा आरसा. साहेब येऊन वाहवा करून गेले. पाळी संपली, मी गोणपाटं घेऊन निघाले तर भाऊजी म्हणाले, “तू जा. आज मी टाकतो. आणि उद्या कोणी गोणपाट उचलू नका, वरूनच पाणी मारा.” इतक्या वर्षांत या माणसाने गोणपाटाला बोट लावलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर मी पहिलं काय केलं असेल? गोणपाट उचललं.

अस्तर खरवडलेलं होतं. वरपासून खालपर्यंत, चारही बाजूंनी, करवतीच्या पात्याने ओरबाडून काढलेलं. कुठे म्हणून साय शिल्लक नाही. आणि बोटाबोटाच्या अंतरावर तार खुपसून भोकं पाडलेली, आत खोलवर. रडू यायला हवं होतं, पण आली ती शिवी. मोठ्याने दिली. भट्टीत घुमली.

म्हणजे या माणसाला माहीत होतं. आरसाच माणसं भाजतो, हे माहीत होतं. स्वतःचं पोर झरोक्यासमोर उभं राहणार म्हटल्यावर हात बरोबर चालला.

मी जेवणाच्या सुट्टीत घरी गेले आणि यांना म्हटलं, “चला, भट्टी बघायला.”

“मी काय बघणार?”

“हाताने बघा.”

“नको गं. तिथे नको.”

“आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. चला.”

हे आले. माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. फाटकावरचा रखवालदार यांना बघून उठून उभाच राहिला, काही विचारलं नाही. मी यांना वाकवून भट्टीत नेलं, गोणपाट बाजूला केलं आणि यांचा पंजा भिंतीवर ठेवला.

हे बराच वेळ हात फिरवत राहिले. “हे दादाचं नाही,” म्हणाले.

“त्यांचंच आहे.”

“दादाचं असं नसतं. खरवडलंय हे.” मग बोट एका भोकात गेलं. तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. “वाफेला वाटा केल्यात.” आणि मग, “आगीवर कोण आहे?”

“तुमचा पुतण्या.”

यांचं बोट त्या भोकातच राहिलं. मला यांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी बाहेर पाहिलं, तर दाराशी भाऊजी. त्यांच्या मागे पुतण्या, डबा हातात तसाच.

“दादा आलाय ना?” यांनी विचारलं. पावलांवरून ओळखतात. “दादा, हे असं का केलंस?”

“मसाला वेगळा आहे यावेळी,” भाऊजी म्हणाले.

“गोण्या त्याच आहेत!” मी म्हटलं. “पाणी तेवढंच आहे. मी कालवलंय, मला सांगू नका.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“ती बोलेल,” हे म्हणाले. मोठ्या भावापुढे यांचा आवाज असा कधी निघाला नव्हता. “माझ्या वेळी तुला माहीत होतं?”

भाऊजींनी पुतण्याकडे पाहिलं. “नव्हतं रे,” ते म्हणाले. “आईशप्पथ नव्हतं. नंतर तुकडे उचलताना कळलं. वरून काचेसारखे आणि पाठीमागून ओले. मी ते साहेब यायच्या आत फेकून दिले.”

“आणि मग म्हणालास, मी घाई केली.”

“माझं नाव गेलं असतं, धाकट्या. दुसरं काय होतं माझ्याकडे?”

“मी होतो ना,” हे म्हणाले.

मग मी बोलले. म्हटलं, “आणि त्यानंतर जी आरशासारखी अस्तरं घातलीत, त्यांच्यापुढे जी माणसं उभी राहिली, ती कोणाची पोरं नव्हती? तेव्हा करवतीचं पातं कुठे होतं?” त्याचं उत्तर मलाच माहीत होतं. एकदम खरवडायला लागले असते तर लोकांनी विचारलं असतं, आजच का? तेवढ्या एका प्रश्नाला भिऊन हा माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या जिवाशी खेळला आणि रविवारी येऊन दाढी करत राहिला. पुतण्याने डबा खाली ठेवला, बापाच्या अंगावरून पुढे आला आणि काकाचा दुसरा हात धरला. आम्ही तिघं बाहेर पडलो.

जाताना हे एवढंच म्हणाले, “दादा, ज्यांच्यासमोर बोललास, त्यांच्यासमोर बोल. मला बाकी काही नको.”

भट्टी सुकली. पुतण्या ताटली धरून बसला होता, माझ्याच घरातली. सगळ्या भोकांतून सुरसुर वाफ निघत होती आणि टवकासुद्धा उडाला नाही. साहेबांनी खरखरीत भिंत बघून नाक मुरडलं, विचारलं, आरसा, हे काय? भाऊजी म्हणाले, “हात थरथरतो हल्ली.” ऐकलंत? तेव्हाही नाही बोलले. मी कालवण्याच्या घमेल्यापाशी उभी होते. मी सांगितलं. सगळं, सगळ्यांसमोर, भाऊजींच्या तोंडावर. काहींनी मानलं, काहींनी म्हटलं बाई भांडखोर आहे. तेही खोटं नाही.

पुढच्या रविवारी जिन्यावर पावलं वाजली. वस्तरा, साबण, टॉवेल. मी दार लावणारच होते, पण स्वयंपाकघरातून फट् असा आवाज आला आणि मी जागच्या जागी थांबले. हे ओट्यापाशी उभे होते. गॅस पेटला होता. पातेलं घसरू नये म्हणून एका हाताने धरलेलं, दुसरा हात चावीवर. आच कानाने ऐकत ऐकत कमी करत होते.

“दाढीचं पाणी मी तापवलंय,” हे म्हणाले. मग दाराच्या दिशेने हात पुढे केला. “वस्तरा दे, दादा.”

“तुला लागेल.”

“दे.”

भाऊजींनी दिला. यांनी चाचपत चाचपत स्वतःची दाढी केली. दोन ठिकाणी कापलं, जबड्याखाली खुंट राहिले. भाऊजी टॉवेल घेऊन उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं नाही आणि टॉवेलही घेतला नाही. सवयीने त्यांचा अंगठा यांच्या गालाकडे निघाला, तो यांनी मनगटाशी धरून खाली केला.

“असू दे,” हे म्हणाले. “खरखरीतच राहू दे.”